लहान घरात जागा नेमकी जाते कुठे?

लहान घर सजवायचे म्हटले की सल्ले ठरलेले असतात. भिंती पांढऱ्या करा, मोठा आरसा लावा, घडीचे फर्निचर घ्या, अडगळ काढून टाका. यातला एकही सल्ला तसा वाईट नाही. पण तो का लागू पडतो हे फारसे कोणी सांगत नाही, त्यामुळे तो कुठे लागू पडणार नाही हेही कळत नाही. मग पांढऱ्या भिंती, आरसा आणि घडीचा पलंग असूनही घरात वावरताना कोपर कशाला तरी आपटतेच.

याचे मुख्य कारण असे, की आपण वस्तू मोजतो आणि ती वस्तू वापरायला लागणारी मोकळी जागा मोजायची विसरतो.

एक साधे गणित करू. ४ फूट रुंद आणि २ फूट खोल कपाट जमिनीवर ८ चौरस फूट जागा घेते. पण त्याची दारे उघडून, समोर उभे राहून कपडे काढायला निदान अडीच फूट मोकळे लागतात. म्हणजे आणखी १० चौरस फूट. कपाटाने खरे तर १८ चौरस फूट अडवले, आणि त्यातली निम्म्याहून अधिक जागा रिकामीच आहे. लिहायच्या टेबलाचेही तेच. टेबल ४ बाय २ फुटांचे, मागे खुर्ची सरकवून उठायला अडीच फूट, पुन्हा १८. दोन्ही वस्तू वेगवेगळ्या भिंतींना लावल्या की ३६ चौरस फूट गेले. १० बाय १० च्या खोलीचा हा एक तृतीयांशाहून जास्त भाग आहे.

आता ही दोन्ही समोरासमोर ठेवा आणि मध्ये अडीच फूट सोडा. कपाटापुढचा वावर आणि खुर्चीमागचा वावर एकाच पट्ट्यात आले. हिशेब ८ अधिक ८ अधिक १०, म्हणजे २६. एकही वस्तू कमी न करता १० चौरस फूट परत मिळाले. लहान घराच्या रचनेतल्या बहुतेक हुशार युक्त्या तपासून पाहिल्या, तर तळाशी हेच सापडते. वस्तू एकमेकींवर चढवता येत नाहीत, पण त्यांच्यापुढच्या रिकाम्या जागा येतात.

अट एकच. ज्या दोन वस्तूंचा वावर एकत्र करायचा, त्या एकाच वेळी वापरात नकोत. टेबलाशी काम करणारा माणूस आणि कपाट उघडणारा माणूस एकच असेल, तर प्रश्नच नाही. पण एकाची ऑनलाइन मीटिंग चालू असताना दुसऱ्याला त्याच कपाटातून दहा वेळा कपडे काढायचे असतील, तर वाचवलेले १० चौरस फूट रोजच्या भांडणात जातील. म्हणून नकाशा काढण्याआधी घरातल्या माणसांचे वेळापत्रक लिहून काढावे. कोण कधी कुठे असते, हे कळल्याशिवाय फर्निचर कुठे ठेवायचे ते ठरत नाही.

दारांकडेही याच नजरेने पाहा. अडीच फूट रुंदीचे दार उघडताना जमिनीवर पाव वर्तुळ काढते आणि जवळजवळ ५ चौरस फूट जागा कायमची रिकामी ठेवायला लावते. बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला लावल्या, किंवा दार आतऐवजी बाहेर उघडणारे केले, तर कित्येकदा खोलीचा अडलेला कोपरा मोकळा होतो. सरकते दार हा त्याहून लोकप्रिय उपाय. त्याला मात्र शेजारी स्वतःच्या रुंदीएवढी कोरी भिंत लागते. तिथे स्विच, खुंटी, चित्र काहीही चालत नाही. जमिनीवर वाचवले ते भिंतीवर द्यावे लागते, हे आधीच माहीत असलेले बरे.

अंगाची मापे

मोकळी जागा किती सोडायची, हे आवडीवर अवलंबून नसते. ते शरीराच्या मापांवर ठरते. २ फुटांच्या वाटेतून माणूस जातो, पण अंग चोरून. अडीच फुटांत सहज चालता येते. दोघांना एकमेकांना ओलांडायचे असेल, किंवा घरात कोणी व्हीलचेअर वापरत असेल, तर निदान ३ फूट धरावेत. सोफा आणि त्यापुढचे छोटे टेबल यांत १५ ते १८ इंच पुरतात. त्याहून कमी ठेवले तर गुडघे आपटतात, जास्त ठेवले तर कप ठेवायला वाकावे लागते.

या मापांशी तडजोड करून एखादी जास्तीची खुर्ची बसवण्यापेक्षा ती खुर्ची नसलेली चांगली, असे माझे स्पष्ट मत आहे. तडजोड करायचीच तर वाटांच्या संख्येत करावी. खोलीत दारापासून खिडकीकडे, पलंगाकडे, कपाटाकडे अशा तीन वेगळ्या वाटा असतील, तर तिन्ही एका भिंतीच्या कडेने नेता येतात का ते पाहा. खोलीला तिरके कापणारी वाट सगळ्यात महाग. ती दोन्ही बाजूंना त्रिकोण सोडते आणि त्रिकोणात फर्निचर नीट बसत नाही.

मापांचा असा विचार करून घडवलेली सगळ्यात गाजलेली खोली म्हणजे फ्रँकफर्ट किचन. ऑस्ट्रियाच्या वास्तुविशारद मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की यांनी १९२६ साली फ्रँकफर्टमधल्या नव्या वसाहतींसाठी ते आखले. आकार साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटर, म्हणजे जेमतेम ७० चौरस फूट. आगगाडीच्या भोजनयानातले चिंचोळे स्वयंपाकघर त्यांनी अभ्यासले होते. त्यांनी कामांचा क्रम लावला, पावले मोजली आणि ओटा, सिंक, शेगडी त्या क्रमाने मांडले. कोरड्या जिनसांसाठी ॲल्युमिनियमचे खण, भिंतीला दुमडणारी इस्त्रीची फळी, फिरते स्टूल, आणि बैठकीच्या खोलीकडे सरकते दार. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बसवली गेली. आज आपण मॉड्युलर किचन म्हणतो त्याची मुळे इथे आहेत.

पण त्यावर टीकाही झाली, आणि ती आपल्या गणिताला धरूनच होती. दोन्ही बाजूंच्या ओट्यांमधला वावर इतका काटेकोर जुळवलेला होता, की एका माणसासाठी तो उत्तम आणि दोघांसाठी निरुपयोगी. मदतीला कोणी आत आले की दोघांनाही काम सुचेना. जागा वाचवताना 'इथे एकच जण असेल' हे गृहीत धरले गेले होते, आणि ती एक म्हणजे घरातली बाई, हेही.

एकच जागा, वेगवेगळ्या वेळा

वावर एकत्र करणे ही पहिली पायरी. दुसरी म्हणजे एकाच चौरस फुटाकडून सकाळी एक आणि रात्री दुसरे काम करून घेणे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त इथे गेरिट रीटफेल्ड यांनी १९२४ साली त्रुस श्रोडर यांच्यासाठी बांधलेल्या घराचा वरचा मजला याचे सुरेख उदाहरण आहे. सरकत्या पडभिंती लावल्या की झोपायच्या वेगळ्या खोल्या, बाजूला केल्या की सगळा मजला एकसलग. हाँगकाँगचे वास्तुविशारद गॅरी चँग यांनी हीच कल्पना टोकाला नेली. लहानपणापासून ज्या घरात राहिले, त्या ३४४ चौरस फुटांच्या घरात त्यांनी छताच्या रुळांवरून सरकणाऱ्या भिंती बसवल्या आणि त्यांतून चोवीस वेगवेगळ्या मांडण्या तयार होतात.

हे पाहून हुरळून जायच्या आधी एक विचार करावा. भिंतीत उभा दुमडणारा पलंग विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मिळतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या विल्यम मर्फी यांनी तो लोकप्रिय केला, म्हणून जगभर तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. यंत्रणा उत्तम आहे. तरी अनेक घरांत असा पलंग महिनाभरानंतर कायमचा आडवाच राहतो. कारण तो उचलण्याआधी पांघरुणे काढा, उशा कुठेतरी ठेवा, समोरचे टेबल सरकवा, चार्जर काढा. घडीच्या कुठल्याही वस्तूसाठी माझी कसोटी अशी: एका हाताने, दुसरे काही न हलवता, अर्ध्या मिनिटात घडी होत असेल तरच ती रोज होईल. नाहीतर तिला आहे त्याच स्थितीत कायमची धरून नकाशा आखावा. उशा-पांघरुणे आतच राहतील एवढी खोल चौकट असलेला पलंग थोडा जास्त जागा घेतो, पण तो खरोखर दुमडला जातो.

याच कसोटीवर भिंतीला बिजागरीने लावलेली फळी फार चांगली ठरते. खाली केली की टेबल, वर केली की भिंत. तिच्यावर सामान साठू लागले तर ती वर करता येत नाही, म्हणून ती मुद्दाम लहान ठेवावी. पसरायला जागा मिळाली की सामान पसरतेच.

खोलपणा कमी, साठवण जास्त

साठवणीबाबत सर्वसाधारण समज असा, की कपाट जितके खोल तितके चांगले. लहान घरात बहुधा उलट असते. हँगर सुमारे १७-१८ इंच रुंद असतो, म्हणून कपडे टांगायच्या कपाटाला २२ ते २४ इंच खोली हवीच. पण पुस्तकांना १० इंच पुरतात. जेवणाच्या ताटल्यांना १२. औषधे, मसाल्याच्या बाटल्या, सौंदर्यप्रसाधने यांना ४ ते ५ इंच. सगळ्यासाठी सारखेच खोल कपाट केले की लहान वस्तू दोन-तीन रांगांत लागतात. मागची रांग दिसत नाही, जे दिसत नाही ते आपण पुन्हा विकत आणतो. ४ इंच खोलीची उथळ फळी दारामागे, पॅसेजच्या भिंतीला, खिडकीच्या बाजूला कुठेही बसते आणि वाट अडवत नाही.

खोल जागा टाळता येत नसेल, उदाहरणार्थ पलंगाखाली किंवा ओट्याखाली, तर तिथे फळ्यांऐवजी पूर्ण बाहेर येणारे खण करावेत. मात्र खणालाही समोर तेवढाच वावर लागतो. पलंगाशेजारी दीड फुटाचीच वाट असेल, तर तिथला २ फुटांचा खण पूर्ण उघडणार नाही. अशा ठिकाणी वरून गादीसकट उचलायचा पलंग बरा, पण त्यात फक्त वर्षातून दोन-चारदा लागणारे सामान ठेवावे.

छताजवळच्या माळ्यांचे तेच. खांद्यापासून गुडघ्यापर्यंतची उंची ही घरातली सगळ्यात मौल्यवान साठवण. ती रोजच्या वस्तूंसाठी राखावी. छतापासून फूट-दीड फूट खाली चारही भिंतींवरून एक सलग फळी फिरवली, तर तिच्यावर पुस्तके आणि बॅगा मावतात आणि जमीन अजिबात खर्च होत नाही. उंच कपाटे भिंतीला स्क्रूने पक्की करायला मात्र विसरू नका. मुले खण उघडून त्यांच्या पायऱ्या करतात आणि कपाट पुढे कलंडते. कपाट बाहेरच्या भिंतीला लावायचे असेल, तर मागे इंच-दीड इंच फट ठेवावी. हवा खेळली नाही की ओल धरते आणि बुरशी येते.

डोळ्यांना काय दिसते

इथपर्यंत खऱ्या जागेचा हिशेब झाला. आता भासाचा.

पांढरा रंग खोली मोठी 'करतो' म्हणजे नेमके काय करतो? दिव्याचा प्रकाश भिंतीवर पडतो, काही शोषला जातो, उरलेला उसळून दुसऱ्या भिंतीवर जातो, पुन्हा तेच. समजा खोलीतले सगळे पृष्ठभाग मिळून सरासरी ३० टक्के प्रकाश परतवतात. मग सगळ्या उसळ्या धरून खोलीत मूळच्या सुमारे १.४ पट प्रकाश खेळतो. सरासरी ५० टक्के झाली तर २ पट. ७० टक्के झाली तर ३.३ पट. म्हणजे परावर्तन थोडे वाढवले की फायदा त्याहून वेगाने वाढतो. पण शब्द 'सरासरी' आहे, तो लक्षात ठेवा. भिंती शुभ्र, आणि जमीन गडद, सोफा काळपट, पडदे गर्द असतील, तर सरासरी खाली येते आणि भिंतींचा खर्च अर्धा वाया जातो. रंगाऱ्याला बोलावण्याआधी कधीकधी गालिचा बदलणे जास्त उपयोगी पडते.

छताबद्दलचा एक जुना सल्ला असा, की भिंतींपेक्षा छत फिकट ठेवले, दोघांत फरक दिसला, की खोली उंच वाटते. जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठाच्या संशोधकांनी हे तपासून पाहिले आणि २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. फिकट छताने खोली उंच भासते हे खरे निघाले. पण भिंती फिकट केल्यानेही ती उंच भासते, आणि दोन्ही परिणामांची बेरीज होते. दोघांतला फरक महत्त्वाचा ठरला नाही. जमिनीच्या रंगाने उंचीच्या अंदाजात काही बदल झाला नाही. थोडक्यात, बुटक्या खोलीत छत आणि भिंती दोन्ही फिकट करा, एकाच डब्यातला रंग वापरलात तरी चालेल.

'उभे पट्टे उंची वाढवतात' हा असाच एक सल्ला. त्यावर मी फार विसंबणार नाही. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवले होते, की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उंच दिसतो आणि उभ्या रेघांनी भरलेला रुंद, म्हणजे बरोबर उलट. खोलीच्या भिंतीवर नेमके काय होईल हे पट्ट्यांच्या जाडीवर आणि बाकी मांडणीवरही अवलंबून असेल. पट्टे आवडतात म्हणून लावावेत, उंचीसाठी नव्हे. पडद्यांचे वेगळे. पडद्याची दांडी खिडकीच्या चौकटीला लागून न लावता छताजवळ लावली, बाजूंना अर्धा-अर्धा फूट जास्त घेतली आणि पडदा जमिनीपर्यंत सोडला, तर खिडकी कुठे संपते ते दिसत नाही. शिवाय पडदा उघडल्यावर तो काचेवर न येता भिंतीवर गोळा होतो, म्हणजे प्रकाशही जास्त येतो.

आरशाबाबत एक गैरसमज आहे. चांगला आरसा साधारण ९० टक्के प्रकाश परतवतो, पांढरी भिंत ८० च्या आसपास. त्यामुळे पांढऱ्या भिंतीवर आरसा लावून खोलीतला उजेड फारसा वाढत नाही. आरसा खोलपणा देतो. वस्तू त्याच्या पुढे जितकी दूर, तितकीच मागे दिसते. म्हणून आरशात काय दिसणार हेच सगळे. खिडकी आणि आकाश दिसले तर भिंतीपलीकडे आणखी एक खिडकी उघडल्यासारखे वाटते. समोर भरगच्च कपाट असेल, तर आता तुमच्याकडे दोन भरगच्च कपाटे आहेत. लावण्याआधी कोणाला तरी आरसा धरायला सांगा आणि तुम्ही नेहमी बसता तिथून पाहा. उभे राहून पाहिलेला आरसा आणि बसून पाहिलेला आरसा यांत वेगळेच चित्र दिसते.

दिव्यांबद्दल थोडक्यात. छताच्या मध्यावर एकच प्रखर दिवा लावला की कोपरे काळोखे राहतात आणि खोली तिथेच संपते. तेवढाच एकूण प्रकाश तीन ठिकाणी, वेगवेगळ्या उंचीवर वाटून द्या, आणि त्यातला निदान एक दिवा भिंतीवर किंवा पडद्यावर पडू द्या. खोली उजळ आहे की नाही हे आपण जमिनीपेक्षा समोरच्या भिंतींवरून ठरवतो. एका खोलीत सगळे दिवे एकाच छटेचे असावेत. २७०० ते ३००० केल्विन पिवळसर आणि निवांत, ४००० च्या आसपास कामाला योग्य. एका बाजूला ६५०० चा निळसर पांढरा आणि दुसऱ्या बाजूला पिवळा, यात कुठलाच रंग खरा दिसत नाही.

सजावट म्हणजे कमी वस्तूच असे नाही

लहान घर म्हणजे कोऱ्या भिंती, असा हल्ली एक धाक बसला आहे. तो मला पटत नाही. लंडनमध्ये सर जॉन सोन यांचे घर आहे, आता त्याचे संग्रहालय झाले आहे. या वास्तुविशारदाने साधारण १४ बाय १२ फुटांच्या एका खोलीत शंभराहून जास्त चित्रे लावली. भिंतींना मोठ्या फळ्या बिजागऱ्यांवर बसवल्या, कपाटाच्या दारासारख्या. उघडले की आत आणखी चित्रे, आणि एका बाजूला तर त्यांच्याही पलीकडे खालच्या खोलीचे दृश्य. न्याहारीच्या खोलीच्या घुमटात त्यांनी छोटे बहिर्गोल आरसे बसवले. गच्च भरलेले घर, पण कोंदट वाटत नाही, कारण नजर कुठेही भिंतीवर येऊन थांबत नाही. सतत काहीतरी पलीकडे आहे.

यातून आपल्याला घेण्यासारखे हे: गर्दी एका भिंतीवर करावी आणि ती मनापासून करावी. चित्रे, फोटो, पुस्तके, रोपे, सगळे एका ठिकाणी दाटीने लावले की ती एक मोठी वस्तू दिसते. तेच सामान चारही भिंतींवर थोडेथोडे विखुरले की पसारा दिसतो. आणि जमिनीची कड शक्य तितकी दिसू द्यावी. पाय असलेला सोफा, भिंतीला टांगलेले टीव्हीखालचे कपाट, टांगलेले बेसिन, या सगळ्यांखाली भिंतीपर्यंतची फरशी दिसते आणि खोलीचा खरा आकार डोळ्यांना मिळतो.

छायाचित्रांतल्या चिमुकल्या, देखण्या घरांकडे पाहताना मात्र चौकटीबाहेर काय आहे तेही विचारावे. प्रसिद्ध वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी १९५२ साली फ्रान्सच्या समुद्रकिनारी स्वतःसाठी बांधलेली लाकडी खोली फक्त ३.६६ मीटर बाय ३.६६ मीटरची, म्हणजे १२ बाय १२ फुटांची आहे. तिच्या नेटकेपणाचे कौतुक वास्तुकलेचे विद्यार्थी आजही करतात. पण तिला स्वयंपाकघर नव्हते. जेवायला ते शेजारच्या खानावळीत जात.

सुताराला सांगण्याआधी

कागदावरचा नकाशा फसवतो, म्हणून फर्निचरचा आकार जमिनीवर चिकटपट्टीने आखा आणि दोन दिवस तसेच वावरा. पट्टीवर पाय पडला तर तिथे ती वस्तू तुमच्या वाटेत येणार. उंचीचा अंदाज घ्यायला जुने खोके रचून ठेवा.

मोजताना खोली तीन ठिकाणी मोजा. भिंती क्वचितच काटकोनात असतात, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत बसणारे कपाट सगळ्यात लहान मापाचे करावे लागते. तळाची फरशीची पट्टी, स्विचबोर्ड, दाराची चौकट, पंख्याची पाती, नळाचे कॉक यांची मापे वेगळी लिहून ठेवा.

तयार कपाट आणणार असाल तर आणखी एक माप घ्या, जे जवळजवळ सगळे विसरतात. छत ९० इंचांवर आणि कपाट ८८ इंच उंच, २४ इंच खोल असेल, तर कागदावर दोन इंच शिल्लक दिसतात. पण आडवे आणलेले कपाट उभे करताना त्याचा कर्ण छताखालून फिरावा लागतो, आणि हा कर्ण ९१ इंचांहून थोडा जास्त भरतो. ते कपाट त्या खोलीत उभेच राहणार नाही. एक तर ते सुटे आणून खोलीतच, उभ्यानेच जोडावे, किंवा ८६ इंचांचे घ्यावे, ज्याचा कर्ण ८९.३ इंच येतो. वरची उरलेली चार इंचांची फट पट्टी लावून बंद करता येते.